परत आलेला कर

सेनगावात बसस्टँडमागच्या गल्लीत जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत शाहिस्ताचं ऑफिस. खालचं दुकान नवऱ्याचं, वरची खोली तिची. खाली दिवसभर तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास, वर लोकांच्या आयकराची कामं. व्यापारी, औषधवाले, दोनतीन दालमिलवाले तिच्याकडे येतात. पण तिच्या कामाचा मोठा भाग शिक्षकांचा होता, आणि ही गोष्ट त्या शिक्षकांचीच आहे.

शाहिस्ता मूळची गोरेगावची. वडील नासेरभाई बाजारात दोर, सुतळी, बारदाना म्हणजे तागाची रिकामी पोती विकायचे. पोरीनं मास्तरीण व्हावं ही त्यांची फार इच्छा. डी.एड.ला नंबर लागला नाही, म्हणून तिनं जीपनं रोज हिंगोलीला जाऊन बी.कॉम. केलं आणि तिथल्याच एका सीएच्या ऑफिसात राहून काम शिकली. धाकटा भाऊ साजीद मात्र मास्तर झाला. जवळच्याच एका गावातल्या अनुदानित हायस्कुलात त्याला नोकरी लागली, आणि त्याचं पहिलं रिटर्न शाहिस्तानं भरलं. ते पाहून त्याचे सहकारी आले, मग त्यांचे सहकारी. नासेरभाई गेले तेव्हा आसपासच्या बऱ्याच शाळांचा स्टाफ तिच्याकडे यायचा. मास्तरीण झाली नाही, पण मास्तरांचं काम करते, एवढं समाधान वडिलांना मिळालं.

तिचा मात्र या कामानं फार जीव खाल्ला. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की ती स्वतः साजीदच्या शाळेत जायची. शिक्षकांना सांगायची, वर्ष सरायला वेळ आहे, आत्ताच बसून ठरवू. जुन्या पद्धतीनं कर परवडतो की नव्या, घराचं कर्ज किती, लेकरांची फी किती, म्हाताऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च किती, सगळं आत्ता मांडू. मुख्याध्यापक माणिकराव सरांना ती वेगळं सांगायची की कर दर महिन्याला थोडा थोडा कापा, शेवटी एकदम कापू नका. माणिकराव सर सज्जन माणूस. चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बघू, फेब्रुवारी तर येऊ द्या."

फेब्रुवारी यायचा. वर्षभराचा सगळा कर त्या एका पगारातून कापला जायचा, आणि हातात किराण्यापुरते पैसे राहायचे. मग स्टाफरूममध्ये सरकारला, क्लार्कला आणि शाहिस्ताला मिळून शिव्या पडायच्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम तिच्या जिन्यावर. कुणाची पावती हरवलेली, कुणाला बँकेनं दाखला दिलेला नाही, कुणाला अजून काही वाचवता येईल का विचारायचं असे. ती म्हणायची, "मी नोव्हेंबरात आले होते." ते म्हणायचे, "व्हय ताई, राहूनच गेलं." दरवर्षी हेच. रागावून उपयोग नाही हे तिला कळत होतं, तरी ती दरवर्षी रागवायची.

अशात एका उन्हाळ्यात रिफंडवाले सर आले. त्यांचं खरं नाव फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. बाहेरच्या जिल्ह्यातले, पांढरा शर्ट, बोलायला गोड. हिंगोलीत एका हॉलमध्ये त्यांनी शिक्षकांना नाश्ता दिला आणि सांगितलं की तुमचा कापला गेलेला कर मी परत आणून देतो. आधी काही द्यायचं नाही. पैसे खात्यावर आले की त्यातला हिस्सा द्यायचा. फक्त आधार, पॅन आणि पासवर्ड माझ्याकडे द्या.

आणि पैसे खरंच आले. दोन महिन्यांत स्टाफरूममधल्या एकेकाच्या मोबाइलवर मेसेज वाजू लागले. ज्याचा आला नव्हता तो कासावीस झाला.

शाहिस्तानं हे विजयकुमार सरांकडून ऐकलं. ते गणित शिकवायचे आणि साजीदच्या शाळेतल्या शिक्षकांचे पुढारी होते. बाजारात भेट झाली तेव्हा तिनं विचारलं, कर परत आला तो कोणत्या कारणानं आला? त्यांना ते माहीत नव्हतं. ती म्हणाली की सर, तुमचं उत्पन्न, तुमचं कर्ज मला पाठ आहे, त्यात परत यायला काहीच नाही, मग आलेले पैसे कशाचे? नीट विचारून घ्या, उद्या अंगावर येईल.

विजयकुमार सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी इतके वर्षं आमाला भरायचंच शिकवलं. त्यानं परत आणून देलं. आता सांगा, कोण बराबर?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बाजारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी निम्मे शिक्षक तिकडे गेले. पुढच्या वर्षी उरलेले गेले. लग्नकार्यात बायका तिला गाठून सांगायच्या, तू फी घेतेस आणि पैसा काही आणत नाहीस. जिना रिकामा राहू लागला. ऑफिसात मदतीला असलेल्या मुलीला तिनं कमी केलं. एका संध्याकाळी नवरा हात धूत धूत म्हणाला की सगळेच करून राहिले तर तूही कर की, लोक तर तुझ्याच ओळखीचे आहेत. तिनं त्याला हात पुसायला फडकं दिलं. पण त्या रात्री तिला स्वतःचाच संशय आला. कायद्यात खरंच असं काही आहे आणि आपल्यालाच ठाऊक नाही असं तर नसेल? तिनं हिंगोलीच्या जुन्या सीए साहेबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, असं काहीच नाही, तू गप राहा आणि वाट पाहा. वाट पाहण्यानं तिचं घर चालणार नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार.

सगळ्यात जास्त तिला लागलं ते साजीदचं. त्यानं दोन्ही वर्षं आपले कागद आणले नाहीत. एकदा ईदला ती गोरेगावला गेली तेव्हा तो आपणहून म्हणाला, "आपा, शाळेचं सगळ्यांचं एकत्रच झालं या वेळी. तुझ्यावर कामाचा ताण नको म्हणलं." ती "बरं" म्हणाली. पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण अभिमान आड आला.

मग डिसेंबर उजाडला, आणि वर्ष संपत आलं तसे शिक्षकांच्या मोबाइलवर पुन्हा मेसेज वाजू लागले. या वेळी ते आयकर खात्याचे होते. तुमच्या रिटर्नमध्ये दाखवलेली वजावट शंकास्पद आहे, एकतीस डिसेंबरच्या आत रिटर्न सुधारून घ्या.

सगळ्यात आधी विजयकुमार सर आले. जिना चढून आल्यावर त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. रिफंडवाल्या सरांचा फोन बंद होता, आणि हिंगोलीतल्या खोलीला कुलूप होतं. शाहिस्तानं रिटर्न उघडून पाहू म्हटलं, तर त्यावर विजयकुमार सरांचा नंबरच नव्हता. नंबर, ईमेल, पासवर्ड सगळं त्या माणसाचं. आधारवरून पासवर्ड बदलून आत जायला अर्धा दिवस गेला. आत पाहिलं तर विजयकुमार सरांनी एका राजकीय पक्षाला भलीमोठी देणगी दिलेली होती. अशा देणगीवर कर माफ असतो; पक्षाचं नाव दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"मी तर गावातल्या गणपतीला वर्गणी देताना घासाघीस करतो," सर म्हणाले. 

तिनं समजावून सांगितलं. यंदाचं रिटर्न एकतीस तारखेच्या आत सुधारायचं, घेतलेला रिफंड व्याजासकट भरायचा. त्याच्या आदल्या वर्षाची मुदत गेली आहे, तिथं कर, व्याज आणि वर जादा रक्कम भरून नवं रिटर्न द्यावं लागेल. थांबलात आणि नोटीस आली, तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो.

दुसऱ्या दिवसापासून जिना भरला. दोन वर्षं ज्या बायका-माणसांनी तिच्याकडे पाहून रस्ता बदलला होता, ती पायऱ्यांवर ओळीनं बसली. स्वतःच्या बापाच्या घरात राहणाऱ्यानं घरभाडं दाखवलेलं होतं. ज्याला लेकरूच नाही त्यानं लेकराच्या शिक्षणाचं कर्ज दाखवलेलं होतं. कुणालाच आपल्या नावावर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, काही कमी करता येईल का? रिफंडवाल्या सरांनी घेतलेला हिस्सा तरी वजा होतो का? एक बाई म्हणाल्या की मेसेज सगळ्यांनाच आलाय, सरकार एवढ्या लोकांचं काय करणार, जे सगळ्यांचं होईल ते आपलं. दुसरे एक जण माणिकराव सरांकडे गेले, की कर शाळेनं कापला होता तर निस्तरायचंही शाळेनंच. माणिकराव सरांनी त्यांना सांगितलं की शाळेनं कापला तो बरोबरच कापला होता, परत आणायला तुम्ही गेला होता. सज्जन माणसाचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला म्हणतात.

शाहिस्ताला वाटे, सगळ्यांना खाली हाकलावं आणि दाराला कडी लावावी. ती तसं करू शकली नाही, कारण तारीख त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. पण ती हसून बोललीही नाही. चहा तर कुणालाच विचारला नाही.

या सगळ्या गर्दीत साजीद नव्हता.

तिनं फोन केला. तो म्हणाला, "माझं बराबर हाय, आपा. माझा मेसेजच आला न्हाई." तिला त्याचा आवाज लहानपणापासून ठाऊक होता. रविवारी ती जीपनं गोरेगावला गेली.

साजीद घरी होता. अम्मी, म्हणजे मदीनाबी, मळ्यातून कापूस वेचून नुकती आली होती. सत्तरीतली बाई, पण मळ्यात रोज पायी जायची. मुलाचा पगार असताना काहून राबते असं कुणी म्हटलं तर म्हणायची, बसले तर गुडघे धरतील. अंगणात कापसाचं गाठोडं सोडून ती त्यातला पाला काढत बसली होती.

शाहिस्तानं मोबाइल मागितला. साजीद आधी नाही म्हणाला, मग बायकोकडे पाहिलं, मग दिला. मेसेज होता. तिनं विचारलं की काय दाखवलंय ते तरी माहीत आहे का? त्याला माहीत होतं. इतरांना नव्हतं, त्याला होतं, कारण त्या माणसानं त्याच्याकडून अम्मीचं आधारकार्ड मागून घेतलं होतं.

तो खाली पाहत पुटपुटला, "अम्मीचं अपंगत्व दाखवलं. ऐंशी टक्के."

मदीनाबीला मराठी नीट कळायची, पण ती घरात दखनीच बोलायची. पाला काढता काढता तिचे हात थांबले.

"मेरे पैराँ कू क्या हुआ रे?" तिनं विचारलं.

 तिनं पुन्हा विचारलं, या वेळी शाहिस्ताला. शाहिस्तानं सांगितलं की साजीदनं सरकारला कळवलंय की तुला उठता-चालता येत नाही, आणि तुला सांभाळायला खर्च येतो म्हणून त्यानं कर माफ करून घेतलाय. मदीनाबी दोन्ही हात जमिनीला टेकून उठली, घराच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. नासेरभाई गेल्यापासून मी एक दिवस कुणाच्या हातचं पाणी मागितलं का, एवढंच तिनं विचारलं. मग म्हणाली की साहेब लोक बघायला येत असतील तर मी स्वतः हिंगोलीला जाते, चालून दाखवते. शाहिस्तानं सांगितलं, कुणी बघायला येत नाही, सगळं कॉम्प्युटरवर असतं. त्याचं तिला जास्तच वाईट वाटलं. न बघताच लिहून घेतलं का, म्हणाली.

साजीद चिडला. शरमेनं माणूस चिडतो तसा. म्हणाला की शाळेतल्या सगळ्यांनी केलं, मी एकट्यानं नाही केलं तर मीच येडा ठरलो असतो. आलेल्या पैशांतून ह्याच घरावर स्लॅब टाकला, अम्मी त्याच्याचखाली झोपते.

शाहिस्ता म्हणाली, "घर बांधायचं होतं तर मला सांगायचं. गृहकर्ज घेतलं असतं, त्याच्या व्याजावर खरीखुरी सूट मिळाली असती. अम्मीला लुळी करायची गरज नव्हती."

"तुला ठाऊक होतं मी तिकडं गेलो ते," साजीद म्हणाला. "दोन वर्षं तू एकदा तरी विचारलं का?"

ती परतीच्या जीपमध्ये बसली तेव्हा हेच वाक्य तिच्यासोबत आलं. त्याचा खोटेपणा मोठा होता, तिचं गप्प राहणं लहान होतं, हे तिला कळत होतं. तरी ते वाक्य खोटं नव्हतं.

मदीनाबी त्या दिवसापासून मुलाशी बोलली नाही. जेवण वाढायची, बाकीचं सगळं करायची, बोलायची मात्र सुनेशी. साजीदनं तीन दिवस काढले. एकतीस तारखेला दुपारी तो सेनगावला आला आणि जिन्यावर इतरांच्या मागं बसला. शाहिस्तानं त्याला वर बोलावून घेतलं नाही, तोही पुढं घुसला नाही.

त्या दिवशी आयकराचं पोर्टल रडत होतं. पान उघडायचं, फिरत राहायचं, बंद पडायचं. ओटीपी यायचा तो वेळ संपल्यावर यायचा. खालच्या दुकानातून वर येऊन नवऱ्यानं आपल्या मोबाइलवरून नेट चालू करून दिलं. बँकेत पैसे भरायला गेलेल्या एका बाईचा तिथून फोन आला की लिंक नाही. काहींनी कंटाळून "जाऊ द्या" म्हटलं आणि ते उठून गेले. शाहिस्तानं त्यांना हाका मारल्या नाहीत. तिचा घसा आधीच बसला होता.

साजीदची पाळी आली तेव्हा दिवस कलला होता. अम्मीच्या नावापुढची वजावट तिनं काढून टाकली. रक्कम पुढं आली. ती पाहून साजीदनं पैसे भरले. आदल्या वर्षाचं कसं करायचं, त्यानं विचारलं. ती म्हणाली, फेब्रुवारीचा पगार आल्यावर ये. दोघांत तेवढंच बोलणं झालं.

एकूण हिशेबानं पाहिलं तर निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी रिटर्न सुधारलं. बाकीचे थांबले. त्यांतल्या दोघातिघांना पुढं नोटिसा आल्या, आणि ते शाहिस्तालाच म्हणाले की तुम्ही जरा जोर लावून सांगायला हवं होतं.

जानेवारीत माणिकराव सरांनी तिला बोलावलं. पहिल्यांदाच सगळा स्टाफ खुर्च्यांवर बसवून ठेवला होता. ती म्हणाली, या वर्षी नव्या पद्धतीत ठरावीक उत्पन्नापर्यंत कर लागतच नाही, तुमच्यातल्या बहुतेकांना काही वाचवायची गरजच उरलेली नाही. ज्यांना कर लागतो त्यांचा एप्रिलपासून महिन्याला थोडा थोडा कापला जाईल, म्हणजे फेब्रुवारीत कुणाची चूल थंड पडणार नाही. घराचं कर्ज मोठं असेल, भाडं खरंच भरत असाल, तर जुनी पद्धत परवडते का ते एप्रिलमध्येच माझ्यासोबत बसून बघा. आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका. मलासुद्धा नको, तुमच्यासमोर बसून भरू.

बोलून झाल्यावर तिनं प्रश्न विचारा म्हटलं.  मग मागून एका सरांनी हात वर केला. जे भरलं ते भरलं, म्हणाले, पण पुढं सरकार माफीची योजना आणेल का, मग भरलेलं परत मिळेल का?

विजयकुमार सरांनी मान खाली घातली. शाहिस्ता म्हणाली, "मला माहीत न्हाई, सर." आणि पर्स उचलली.

एप्रिलात कपात सुरू झाली. माणिकराव सरांनी शब्द पाळला. ज्यांच्या पगारातून पहिल्यांदा कर गेला त्यांनी फोन करून पगार कमी आला म्हणून तक्रार केली, आणि तिनं प्रत्येकाला पुन्हा तेच सांगितलं. आधी चिडून, मग थकून, शेवटी एखादं औषध दिवसातून तीनदा घ्या सांगावं तसं. जवळच्या दुसऱ्या तालुक्यात आता एक नवा माणूस रिफंड आणून देतो, असंही कुणीतरी सांगितलं. तो पहिलाच होता की वेगळा, कळलं नाही.

साजीद एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. आदल्या वर्षाचे पैसे भरून झाले होते. या वेळी त्याच्यासोबत कागद होते, पगाराचे, बँकेचे, आणि अम्मीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं दवाखान्याचं बिल. तिनं ते बिल दोनदा पाहिलं. खरं होतं, शिक्का होता.

"हे चालतं का?" त्यानं विचारलं.

"जुन्या पद्धतीत चाललं असतं. तुला नव्या पद्धतीत कर लागत न्हाई, तर याची गरज न्हाई," ती म्हणाली.

त्यानं बिल घडी करून खिशात ठेवलं. अम्मी बोलते का, तिनं विचारलं. बोलते, पण थोडं, तो म्हणाला. हळद शिजवायला मळ्यात गेलीये, ऐकत न्हाई. मग तो उठला, कारण बाहेर एक दालमिलवाला वर्षभराची बिलं बारदान्यात भरून घेऊन आला होता आणि आत यायची वाट पाहत होता. मार्च होऊन गेला होता. शाहिस्तानं त्या बारदान्याकडे पाहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "बसा. पण आधी सांगा, हे सगळं मार्चच्या आत काहून आणलं न्हाई?"